वर गेलेला हात

खारवेळ, ता. आडबंदर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सेवरीना मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर तू फक्त गुलाबाची फुलं पाठवतेस, म्हणून पत्र. शिवाय जे विचारायचं आहे ते कागदावर उतरल्याशिवाय मलाही नीट दिसणार नाही.

चार तारखेला सकाळी इथे काय झालं ते मम्मीने कुणाकडून तरी तुला कळवलं असेलच. आमची रापण पाण्यात होती. सगळी वाडी किनाऱ्यावर दोर धरून उभी होती आणि बाहेरचा एक ट्रॉलर, ज्याला इतक्या जवळ यायला बंदी आहे, तो सरळ जाळ्यावरून गेला. पप्पा आणि वाडीतला शंकरदादा होडी घेऊन त्याला अडवायला गेले. वरून कुणीतरी शिशाचा गोळा फेकला, तो शंकरदादाच्या कपाळाला लागला. डावा डोळा वाचला तर नशीब, असं डॉक्टर म्हणतात. गडबडीत ट्रॉलरवरचा एक माणूस पाण्यात पडला आणि ट्रॉलर त्याला तसाच टाकून पळाला. त्याला पप्पांनी केसांना धरून होडीत घेतलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याचं नाव अप्पलराजू, आंध्रातला, ट्रॉलरवर जेवण करणारा. ट्रॉलर नंतर पोलिसांनी दुसऱ्या बंदरात पकडला, पण मालक म्हणतो, हा माणूस आमचा नव्हेच. बाकीचे फरार. त्यामुळे गुन्हा त्या एकट्याच्या अंगावर आहे.

आता माझा प्रश्न. अकरा तारखेला आमच्या वकील संघाची सभा झाली. ठराव एकमताने झाला की अप्पलराजूचं वकीलपत्र संघाच्या कोणत्याही सभासदाने घेऊ नये, घेतल्यास सभासदत्व रद्द. असे ठराव करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलंय. मी अंतिम वर्षाच्या परीक्षेत यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मी तसं दत्तप्रसाद सरांना म्हटलं. ते संघाचे अध्यक्ष आणि माझे सीनियरही. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "म्हायत आसा गो. कायदो माका शिकव नको. शंकराच्या डोळ्यार पट्टी आसा, ती बघून ये."

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. वकिलीची सनद बार कौन्सिलची आहे, ती संघाची नाही. संघ सोडला म्हणून मला कोर्टात उभं राहायला कुणी अडवू शकत नाही. पण बार रूममधलं टेबल जाईल, ग्रंथालय जाईल, सरांचं ऑफिस जाईल. रापणकाराच्या मुलीला आडबंदरात जागा देणारे ते एकटेच होते. आणि हसू नकोस, बायकांचं एकमेव स्वच्छतागृहही बार रूमच्या आत आहे.

पण अशा संघात राहून मी वकील कशी म्हणवून घेऊ? सांग, सोडू का?

तुझी
सेलिना


सावंतवाडी
२२ नोव्हेंबर २०२४

सेलिना बाय,

तुझ्या पत्राचं पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, "सिस्टर, कोर्टाचं समन्स काय?" मी म्हटलं, होय, भाचीने काढलंय.

यात विचारायचं काय? सोड! राजीनामा लिहून ठेवायची वस्तू आहे काय, लोणचं आहे काय मुरायला?

मी सोडलं तेव्हा माझं वय एकतीस होतं. १९८९ साल. परिचारिका संघटनेची मी इस्पितळातली सचिव होते. एका शिकाऊ मुलीवर ढळढळीत अन्याय चालला होता आणि आमच्या पुढारणी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून गप्प. मी उभी राहिले, पदराचा बिल्ला काढला, टेबलावर टाकला आणि म्हटलं, "हा घ्या, मला तुमच्यात बसायची लाज वाटते." आणि चालू पडले. मागून एक मैत्रीणही उठून आली. व्हरांड्यात आयाबाया टाळ्या वाजवत होत्या. पस्तीस वर्षं झाली, अजून जुनी माणसं भेटली की त्या बिल्ल्याची गोष्ट काढतात.

आपल्या घरात तुझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा केला, तर तुझ्या आजोबांनी पेढे वाटले होते. तू दोन पदव्या घेतल्यास त्या कुणाच्या बाजूला गप्प बसण्यासाठी नव्हेत. तू त्या सभेत एकटी विरोधात उभी राहिली असशील, हे डोळ्यांसमोर आणून मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या किशोरीला पत्र वाचून दाखवलं.

स्वच्छतागृहाचं म्हणशील तर नाइट ड्यूटीत मी बारा बारा तास काढले आहेत. पाणी कमी पी.

आणि तुझे पप्पा? बाप्तिस्त काय म्हणतो? त्याचं जाळं फाटलं म्हणजे तो आठ दिवस कुणाशी बोलला नसणार.

तुझी
सेवरीना मावशी


खारवेळ
८ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

पत्राला उशीर झाला. दहा-बारा दिवस मी रोज लिहायला बसत होते आणि उठत होते. कारण आधी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती. ती मी शेवटी सांगते. आधी झालेलं सगळं ऐक.

मी अप्पलराजूला भेटायला कोठडीत गेले. बारीक, पन्नाशीचा माणूस. तेलुगू बोलतो, थोडं हिंदी. मी वकील आहे हे त्याला पटेना. त्याला वाटलं कुणाची तरी मुलगी देवळातल्यासारखी दान करायला आली आहे. मग म्हणाला, गोळा फेकला तेव्हा तो खाली चुलीशी होता. भात उतरवत होता, आरडाओरडा ऐकून वर आला आणि बोट वळताना तोल जाऊन पडला. मी त्याचे हात बघितले. उजव्या मनगटावर ताजा भाजलेला डाग आहे. हे खरं की खोटं, मला माहीत नाही. ते ठरवायला कोर्ट आहे. पण त्याने माझ्याकडे जामीन मागितला नाही. विचारलं, "मेरी घरवाली को कौन बोलेगा?" एक महिना होत आला, मावशी, आणि तो जिवंत आहे हे त्याच्या बायकोला कुणी कळवलेलं नव्हतं. शेवटी मी कळवलं.

तीन तारखेला मी वकीलपत्र दाखल केलं. न्यायाधीश बाईंनी नाव वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची तारीख दिली. बार रूममध्ये परत आले तर माझ्या खुर्चीवर फायलींचा ढीग. चहावाल्याने सगळ्यांना कप दिले, मला वळसा घालून गेला. एकाने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "कोट नवो आसा, जरा मळांदे, मगे बोलूक शिकात." दत्तप्रसाद सर फाईल चाळत राहिले. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात गेले तर माझी पुस्तकं दोरीने बांधून बाहेरच्या बाकावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी संघाची नोटीस आली: सभासदत्व का रद्द करू नये?

म्हणजे आता सोडायचीही गरज नाही, तेच काढतील. मी गप्प बसले तरी पुरे. आणि नेमकं तेच मला करता येत नाही. आता ती गोष्ट.

मी त्या सभेत विरोधात उभी राहिले नव्हते. मी हात वर केला होता.

नुसता वर नाही, सगळ्यांच्या आधी. सर ठराव सांगत होते, शंकरदादाचं नाव आलं, आमच्या जाळ्याचं आलं, मला पप्पा वाळूत फाटक्या जाळ्यावर बसलेले दिसले आणि हात वर गेला. ठराव पूर्ण ऐकलाही नव्हता. मग बाकीचे माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा वाटलं, कौतुकाने बघतायत. मग एकेक हात वर गेला. "एकमताने" या शब्दात मी आहे, मावशी. तुला तो शब्द लिहिताना माझं पेन अडखळलं होतं.

पप्पांशी बोलणं बंद आहे. मी कुणाचं वकीलपत्र घेतलं ते त्यांना बाजारात कळलं. जेवताना ताट उचलून ओट्यावर जाऊन बसतात.

किशोरीबाईंना हेही पत्र वाचून दाखव.

सेलिना


सावंतवाडी
१३ डिसेंबर २०२४

सेलिना,

किशोरीला वाचून दाखवलं. ती तुझ्याबद्दल म्हणाली, "चेडू खऱ्याचा आसा."

तू खरं लिहिलंस, तर माझंही घे. बिल्ल्याची गोष्ट मी तुला अर्धी सांगितली. पस्तीस वर्षं सगळ्यांना अर्धीच सांगते.

त्या मुलीचं नाव विमला. डॉक्टरने सांगितलेलं इंजेक्शन तिने दिलं, रोगी दगावला आणि डॉक्टरने हात वर केले. संघटना तिच्या पाठीशी उभी राहणार की नाही, यावर त्याच संध्याकाळी मतदान होतं. मी बिल्ला टाकून निघाले ते मतदानाच्या आधी. माझ्यामागून मैत्रीण निघाली तीही आधी. आम्ही दोघी कँटीनमध्ये बसून एकमेकींचं कौतुक करत होतो, तेव्हा आत हात मोजले गेले. विमलाच्या विरुद्ध दहा. विमलाच्या बाजूने नऊ.

दोन अधिक नऊ किती, ते तुला सांगायला नको.

विमलाला नर्सिंग सोडावं लागलं, ती फोंडाघाटाला आपल्या घरी परत गेली. मी दोनदा तिथपर्यंत जाऊन बाजारातूनच मागे फिरले. ती मला काय म्हणाली असती हे मला माहीत आहे: "सिस्टर, तुम्ही गेलात छान, पण तुम्ही गेलात." लोक टाळ्या वाजवत होते त्या माझ्या बिल्ल्याला. तिच्यासाठी कुणी वाजवल्या नाहीत.

मी तुला सोड म्हटलं होतं. ते मी मागे घेते. राहा असंही म्हणत नाही. मला तो अधिकार नाही. फक्त एक विचारते. त्या सभेत सगळे तुझ्याकडे बघत होते म्हणतेस. ते कौतुकाने बघत होते, असं तुला अजून वाटतं का?

मावशी


खारवेळ
१९ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

आता बस आणि सावकाश वाच. लिहिण्यासारखं इतकं आहे की हात दुखेपर्यंत लिहिणार आहे.

तुझा प्रश्न मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरले. ते कौतुकाने बघत नव्हते. ते बघत होते की जिच्या बापाचं जाळं फाटलं ती काय करते. मी हात वर केला आणि मग त्यांना खाली ठेवता येईना. माझ्या शेजारचा अजय केरकर, माझ्याच वयाचा, त्याला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "तू वर केलास, मी खाली ठेवून तुझ्या घरच्यांच्या विरोधात जाऊ काय?" मी एकेकाला विचारत गेले. कुणी झिडकारलं, कुणी उत्तर दिलं नाही, पण सात जणांनी थोडंफार हेच सांगितलं. मग मला कळलं की मी संघ सोडला तर माझा हात कायमचा वरच राहील. तो फक्त आत राहूनच खाली घेता येतो. मी नोटिशीला उत्तर दिलं आणि सोबत अर्ज जोडला: विशेष सभा बोलवा, ठराव पुन्हा मतदानाला टाका. तेरा सह्या लागत होत्या. मला तेरा मिळाल्या. शेवटची सही रस्त्यात, स्कूटरच्या सीटवर घेतली.

त्याआधी जामिनाचं झालं. वीस डिसेंबरला न्यायाधीश बाईंनी जामीन मंजूर केला, पण स्थानिक जामीनदार हवा. आडबंदरात अप्पलराजूसाठी कोण उभं राहणार? मी अर्धा दिवस कोर्टाच्या आवारात वेड्यासारखी फिरत होते. साडेतीन वाजता फाटकातून पप्पा आले. पांढरा शर्ट, जो ते फक्त चर्चच्या फेस्ताला घालतात, आणि हातात घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याकडे बघितलं नाही. क्लार्कला म्हणाले, "सही खंय करूची?"

क्लार्क त्यांना ओळखतो. तो म्हणाला, "बाप्तिस्तबाब, जाळा तुमचाच फाटलां मा?"

पप्पा म्हणाले, "माका म्हायत आसा. पन तेका दर्यातसून मिया वर काढलंय. अर्धो काढून कसो सोडू?"

मावशी, मी पाच वर्षं कायदा शिकले. माझ्या युक्तिवादाच्या चार पानांत हे कुठेही नव्हतं. घरी येताना एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आता माझ्याशी बोललंस तरी चलात." जणू मीच अबोला धरला होता!

शंकरदादाकडेही गेले. त्याचा डोळा गेला नाही, धूसर दिसतं. मला वाटलं दारातून हाकलेल. त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाला, "गोळो मारल्यान तो माका गावाक होयो. चुकीचो गावलो तर खरो सुटलो मा?" मी विचारलं, हे सभेत सांगू का. "सांग. आणि सांग, शंकर अजून मेलो नाय. माझ्या नावान ठराव करूच्या आधी माका इचारूचा होता."

सभा परवा, सतरा तारखेला झाली. एक्केचाळीसपैकी अडतीस हजर. आडबंदरच्या वकील संघाला इतकी गर्दी फक्त वार्षिक मटण-वड्याला होते. सर अध्यक्षांच्या खुर्चीत. त्यांनी मला बोलायला सांगितलं, नियमाप्रमाणे, पाच मिनिटं.

मी तयारी करून गेले होते. निवाडे, परिच्छेद, खुणा घातलेली पुस्तकं. उभी राहिले आणि ते सगळं टेबलावर ठेवलं. म्हटलं, "कायदा तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो अकरा नोव्हेंबरलाही माहीत होता. त्या दिवशी पहिला हात माझा होता. जाळं आमचं फाटलं, म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासाठी हात वर केलात. मी त्याबद्दल तुमचे आभार मानते. आणि तो हात आज मी खाली घेते. माझं तुमच्यावर आता काही ओझं नाही. तुमच्या हाताचं तुम्ही ठरवा." मग शंकरदादाचा निरोप त्याच्याच शब्दांत सांगितला. दोन मिनिटं झाली होती. बसले.

मग कोपऱ्यातून गुरुदासकाका उठले. पंचावन्न वर्षांची वकिली, सभेत नेहमी झोपतात. ते म्हणाले, "ठराव वाच रे कोणीतरी. रजिस्टरातलो. सगळो."

"काका, तुम्ही तेव्हा होतात की," कुणीतरी म्हटलं.

"होतंय. हात पन वर केलंय. पन माका वाटला चायचो ठराव आसा."

इतकं हसू फुटलं की खिडकीतले कावळे उडाले. आणि त्या हसण्यानंतर अजयने ठराव वाचला. हसू थांबलेल्या खोलीत ते शब्द फार उघडे वाटले: कोणत्याही सभासदाने, कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही न्यायालयात. गुरुदासकाका उभेच होते. म्हणाले, "पंचावन्न वर्सां मिया चोर सोडवलंय, खुनी सोडवलंय, आणि दोन येळा निरपराधी पन सोडवलंय. ते दोगे कोण होते तां आधी म्हायत नव्हता. म्हणान सगळ्यांचा वकीलपत्र घेतलंय." आणि बसले. डोळेही मिटले.

मतदान हात वर करूनच. ठराव रद्द करण्याच्या बाजूने कोण, असं सरांनी विचारलं. मी या वेळी मुद्दाम शेवटी हात वर केला, मावशी. आधी सगळ्यांकडे बघितलं. अजय. त्या सातांपैकी सहा. सही न देणारे दोघे. कोट मळण्याची गोष्ट करणारा, जमिनीकडे बघत. मग मागच्या रांगेतून एकेक. सरांनी स्वतः उभं राहून मोजले, दोनदा, पेनाने एकेकाकडे बोट दाखवत. एकवीस. विरुद्ध तेरा, त्यात त्यांचा स्वतःचा हात. चार तटस्थ.

"ठराव रद्द," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. "ॲडव्होकेट सेलिना लुद्रिक यांना दिलेली नोटीस मागे घेण्यात येत आहे. सभा संपली." आणि रजिस्टरात स्वतःच्या हाताने लिहिलं.

मला नाचावंसं वाटत होतं. खरंच सांगते, कोट घालून, बार रूमच्या टेबलावर. आमच्या घरातलं पहिलं माणूस, ज्याने दाराच्या आत येऊन दार उघडलं. तुझ्या विमलाची मला त्या क्षणी आठवण झाली. या वेळी हात मोजताना आम्ही सगळे आत होतो. फोंडाघाटची गाडी सावंतवाडीहून मिळते ना? बाजारातून मागे फिरू नकोस. मी येते तुझ्याबरोबर.

लोक पांगल्यावर सर माझ्याकडे आले. मी उठून उभी राहिले. मला वाटलं आता काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि मी रडेन. ते चष्मा पुसत म्हणाले, "उद्यापासून शंकराच्या बाजूने सरकारी वकिलाच्या मदतीक मिया उभो रवतलंय. अर्ज दिलंय. आणि तुका सोडूचंय नाय. साक्षीदार तयार करून ठेव."

"बरां, सर," मी म्हटलं. "तुमी पन तारीख मागू नका."

ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "खूप शिकवलंय वाटता तुका," म्हणाले आणि दार ढकलून गेले.

म्हणजे आता खटला होणार. दोन्ही बाजूंनी वकील असलेला, खरा. पुढची तारीख चौदा फेब्रुवारी. पकडलेला ट्रॉलर पलीकडच्या बंदरात बांधून ठेवला आहे आणि चुलीपासून काठापर्यंत किती पावलं होतात ते मोजायची कोर्टाची परवानगी मला मिळाली आहे. आज निघतोय. पप्पा मघापासून होडी पाण्यात लोटून उभे आहेत आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडतायत: "गो वकिलीणबाय, येतंस काय मिया एकटोच जांव?"

तुझी
सेलिना